तेलविहिरीत शिरणारं पाणी आणि गॅस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात तेल नाही, पण तेलाशी संबंध असलेली माणसं भरपूर. कोथरूडला पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणारी मुलं, भोसरी-चाकणला व्हॉल्व्ह आणि सीलचे भाग करणारे कारखानदार, पाळीपाळीनं मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर जाणारे तंत्रज्ञ. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक आकडे शेतात वापरतात त्याच मापांत, म्हणजे फूट, पीएसआय (दाब, चौरस इंचाला पौंडांत) आणि बॅरलमध्ये आहेत. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. (‘शेत’ म्हणजे ऑइलफील्ड, या धंद्यात हा शब्द रुळला आहे, ऊस शोधू नका.)

तेलाच्या विहिरीत पाणी येतंच कुठून?

ते आधीपासून तिथेच असतं. तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचं तळं नव्हे. तो सच्छिद्र खडक असतो आणि त्याच्या छिद्रांत वर गॅस, मध्ये तेल, खाली पाणी असा घनतेनुसार लागलेला क्रम असतो. तेल उपसलं की त्याची जागा कोणीतरी घेणारच: खालून पाणी, वरून गॅस, किंवा दाब टिकवण्यासाठी आपणच शेजारच्या विहिरीतून सोडलेलं पाणी.

याशिवाय काही वाटा आपण स्वतः तयार करून ठेवलेल्या असतात. गंजून भोक पडलेलं केसिंग (विहिरीला आतून अस्तर म्हणून बसवलेला पोलादी पाइप) ही एक. केसिंग आणि खडक यांच्यामधलं सिमेंट नीट न बसल्यामुळे राहिलेली फट ही दुसरी. पुण्यातल्या सोसायटीच्या बोअरवेलमध्ये हे रोज बघायला मिळतं. मुरूम संपून पक्का काळा पाषाण लागेपर्यंत केसिंग उतरवलं, पण ते पाषाणात नीट बसलं नाही, तर पहिल्या पावसात गढूळ पाणी पाइपच्या मागून खाली उतरतं. बोअर खोल असूनही पाणी वरचंच. तेलविहिरीत हाच प्रकार दोन किलोमीटर खाली आणि काही हजार पीएसआय दाबाखाली चालतो.

मग सगळं पाणी बंद करायचं का?

नाही. जे पाणी तेलाला पुढे ढकलत विहिरीपर्यंत आणतं, ते बंद केलं तर तेलही थांबतं. ते सोसायचंच पाणी. जे वेगळ्या वाटेनं येतं आणि सोबत तेल आणत नाही, ते अडवायचं.

वॉटर कटच्या, म्हणजे एकूण द्रवातल्या पाण्याच्या, टक्क्यांवर जाऊ नका, ते फसवतात. रोज १,००० बॅरल द्रव देणाऱ्या विहिरीत ९५ टक्के पाणी असेल तर तेल ५० बॅरल आणि पाणी ९५०. तेल ५० वरच ठेवून वॉटर कट ९० वर आणलं, तर एकूण द्रव ५०० बॅरल आणि पाणी ४५०. कागदावर पाचच टक्के कमी झाले, पण उपसायचं, वेगळं करायचं आणि विल्हेवाट लावायचं पाणी निम्म्याहून खाली आलं. शिवाय ट्यूबिंगमधला (तेल वर आणणाऱ्या आतल्या पाइपमधला) स्तंभ हलका होतो आणि मरायला टेकलेली विहीर पुन्हा वाहू लागते.

पाणी नेमकं कुठून येतंय हे कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. शटऑफची, म्हणजे पाणी-गॅस अडवण्याची, बरीचशी कामं रसायन कमी पडल्यामुळे वाया जात नाहीत. रोग वेगळा आणि औषध वेगळं, म्हणून वाया जातात.

सुरुवात फुकटच्या गोष्टींनी करा. पाणी-तेल गुणोत्तराचा जुना इतिहास लॉग-लॉग कागदावर काढा आणि त्याच कागदावर त्याचा कालानुसार डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलण्याचा वेगही काढा. चॅन यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत. गुणोत्तर हळूहळू चढतंय आणि डेरिव्हेटिव्ह उतरतोय, तर संशय कोनिंगचा, म्हणजे खालचं पाणी विहिरीकडे शंकूसारखं उठण्याचा. दोन्ही चढतायत, तर जास्त झिरपणाऱ्या थरातून किंवा फटीतून आलेलं पाणी, म्हणजे चॅनेलिंग. एके दिवशी अचानक उडी मारली, तर केसिंग किंवा सिमेंट बघा. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. अनेक थरांच्या साठ्यात चॅनेलिंग असूनही डेरिव्हेटिव्ह उतरताना दिसतो.

मग विहीर काही दिवस बंद ठेवून उघडा. कोन असेल तर तो बंद काळात खाली बसतो आणि सुरुवातीला पाणी कमी येतं. वेगळ्या थरातून किंवा फटीतून येत असेल तर बंद काळात जास्त दाबाच्या थरातलं पाणी तेलाच्या थरात घुसतं, आणि उघडल्यावर आधी पाण्याचाच लोंढा येतो. खर्च फक्त थांबलेल्या उत्पादनाचा.

पाण्याची रासायनिक तपासणी तर कधीच टाळू नका. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम असतं. साठ्याच्या मूळ पाण्यात ते बहुधा नगण्य असतं आणि बेरियम मात्र असू शकतं. नमुन्यात सल्फेट वाढू लागलं आणि बेरियम घटू लागलं, की इंजेक्शनचं, म्हणजे दाब टिकवायला सोडलेलं समुद्राचं, पाणी पोहोचलं. जोडीला बेरियम सल्फेटचा कठीण थर ट्यूबिंगमध्ये बसू लागतो, आणि तो साध्या ॲसिडला दाद देत नाही.

यानंतर वायरलाइनचे लॉग, म्हणजे तारेवरून विहिरीत उतरवलेल्या उपकरणांच्या नोंदी. स्पिनर प्रवाह मोजतो, ग्रेडिओमॅनोमीटर घनता सांगतो, टेंपरेचर लॉग प्रवेशाची जागा दाखवतो. केसिंगच्या मागून पाणी वाहत असेल तर स्पिनरला ते दिसत नाही. तिथे ऑक्सिजन ॲक्टिव्हेशनचा वॉटर फ्लो लॉग लागतो. तो न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पाण्यातल्या ऑक्सिजनचं रूपांतर नायट्रोजन-१६ मध्ये करतो. हा नायट्रोजन सात सेकंदांत निम्मा होतो आणि तेवढ्यात त्याच्या गॅमा किरणांवरून पाणी कुठे आणि किती वेगानं चाललंय ते कळतं. सिमेंटची पकड बघायला सिमेंट बाँड लॉग, पण त्यात चांगलं दिसलं म्हणून फट नाहीच असं समजू नका. अरुंद चॅनेल त्यातून निसटतो.

खडकातून झिरपतंय की भेगेतून वाहतंय, हे साध्या हिशोबानं कळतं का?

कळतं. विहीर प्रत्येक पीएसआय ड्रॉडाउनला (साठ्यातला आणि विहिरीतला दाब यांतल्या फरकाला) रोज किती बॅरल देते ते काढा. मग खडकातून त्रिज्येनं येणाऱ्या प्रवाहासाठी डार्सीचं उत्तर काढा: पारगम्यता (खडक किती झिरपू देतो ते, मिलिडार्सीत) गुणिले थराची जाडी, भागिले १४१.२ गुणिले चिकटपणा गुणिले त्रिज्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग.

उदाहरणार्थ पारगम्यता ५० मिलिडार्सी, जाडी २० फूट, गरम पाण्याचा चिकटपणा ०.५ सेंटिपॉइज, लॉग ७.९. उत्तर येतं जेमतेम १.८ बॅरल प्रति पीएसआय. प्रत्यक्षात १५ मिळत असतील तर आठपटींहून जास्त झाले, आणि खडक एवढं देऊच शकत नाही. पाचपटींच्या वर गेलं की भेग किंवा फट धरून चाला. खडकाला द्यायचं औषध आणि भेगेला द्यायचं औषध पूर्ण वेगळं असतं, म्हणून हे पाच मिनिटांचं गणित करायचंच.

कोनिंग होत असेल तर चोक (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवळणारं भोक) कमी करून भागत नाही का?

कागदावर भागतं. तेल ०.७८५ आणि पाणी १.०२५ घनतेचं धरा. फरक फुटाला जेमतेम ०.१ पीएसआय. पर्फोरेशनच्या (तेल आत यावं म्हणून केसिंगला पाडलेल्या भोकांच्या) तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत ४० फूट अंतर असेल, तर पाण्याला खाली दाबून ठेवणारी ताकद चार पीएसआयच्या आसपास. विहिरीचा ड्रॉडाउन शेकड्यांत असतो. हा सामना पाणीच जिंकतं.

मेयर-गार्डरच्या सूत्रात हेच आकडे घाला: तेलथर ५० फूट, त्यातले वरचे १० फूट पर्फोरेट केलेले, पारगम्यता १०० मिलिडार्सी, चिकटपणा १ सेंटिपॉइज, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (वरच्या एक बॅरल तेलाला साठ्यात किती जागा लागते ते) १.२, निचऱ्याची त्रिज्या ६६० फूट, विहिरीची ०.२५ फूट. कोन न उठवता काढता येणारं तेल रोज सुमारे ९ बॅरल! एवढ्यावर कोणी विहीर चालवत नाही. प्रत्यक्षात उभी पारगम्यता आडवीपेक्षा कमी असते, मध्ये शेलच्या (सहसा न झिरपणाऱ्या चिकणमातीच्या दगडाच्या) पातळ पट्ट्या असतात, त्यामुळे विहिरी थोडं जास्त सोसतात. पण कोनिंगवर सिमेंट किंवा जेल टाकून कायमचा इलाज होतो ही आशा ठेवू नका. पाणी त्या चकतीला वळसा घालून पुन्हा येतं. खरा उपाय ड्रॉडाउन लांबवर पसरवण्याचा, म्हणजे आडवी विहीर.

खालच्या थरातून पाणी येतंय आणि मध्ये शेलचा जाड थर आहे. काय करावं?

नशीबवान आहात. ब्रिज प्लग (केसिंगमध्ये बसणारं बूच) बसवा, वर डंप बेलरनं (खाली नेऊन रिकाम्या होणाऱ्या डब्यानं) काही फूट सिमेंट टाका, काम संपलं. ट्यूबिंग काढायची नसेल तर ट्यूबिंगमधून उतरणारा फुगवता प्लग वापरतात. तो दाबाचा मोठा फरक एकट्यानं पेलत नाही, म्हणून वरचं सिमेंट महत्त्वाचं. पाणी मधल्या थरातून असेल तर दोन पॅकरांचा (पाइपभोवतीची जागा बंद करणाऱ्या रबरी सीलचा) स्ट्रॅडल, म्हणजे मधला भाग झाकणारी जोडी, किंवा केसिंग पॅच. मात्र आधी केसिंगच्या मागचं सिमेंट तपासा, नाहीतर प्लग आत आणि पाणी बाहेरून वर.

सिमेंट स्क्वीझ (दाब देऊन सिमेंट फटीत ढकलणं) कसं करतात आणि ते का फसतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. सिमेंट खडकाच्या छिद्रांत जात नाही. त्याचे कण छिद्रांपेक्षा मोठे असतात. खडकात जातं ते गाळलेलं पाणी, आणि तोंडाशी निर्जल सिमेंटची वडी साचते. तीच वडी अडवण्याचं काम करते. म्हणून स्क्वीझ उपयोगी पडतं ते पर्फोरेशन, फट आणि केसिंगच्या भोकाला.

साधारण क्रम असा. जुनी पर्फोरेशन धुऊन घ्यायची, कारण त्यात गाळ असेल तर सिमेंट गाळावर बसतं आणि गाळ निघाला की सिमेंटही निघतं. खाली प्लग, वर स्क्वीझ पॅकर. पाण्यानं इंजेक्टिव्हिटी टेस्ट. पाणीच शिरत नसेल तर साधं सिमेंट शिरणार नाही. तिथे आधी ॲसिड किंवा १० मायक्रॉनच्या आसपासचं बारीक सिमेंट. मग स्पेसर (सिमेंट इतर द्रवात मिसळू न देणारा द्रव), स्लरी (पाण्यात कालवलेलं सिमेंट), पुन्हा स्पेसर.

स्लरीचा हिशोब: क्लास जी सिमेंट, घनता गॅलनला १५.८ पौंड, पाणी वजनाच्या ४४ टक्के. ९४ पौंडांच्या एका सॅकमधून १.१५ घनफूट स्लरी होते. १० बॅरलसाठी ४९ सॅक, म्हणजे सुमारे २,०९० किलो सिमेंट आणि ९२० लिटर गोडं पाणी. तळाचं तापमान ११० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ३५ ते ४० टक्के सिलिका फ्लोअर घालावं लागतं, नाहीतर सिमेंट आधी घट्ट होतं आणि पुढच्या काही आठवड्यांत ताकद गमावतं. फ्लुइड लॉसचं औषधही मोजून: गळती फार झाली तर वडी केसिंगच्या आतच साचून वाट बंद होते, फारच कमी झाली तर वडी धरतच नाही.

पंपिंग हेझिटेशन, म्हणजे थांबत-थांबत ढकलण्याच्या, पद्धतीनं. मिनिटाला पाव ते अर्धा बॅरल ढकलायचं, १० ते २० मिनिटं थांबायचं, दाब उतरला की पुन्हा ढकलायचं. प्रत्येक वेळी दाब आधीपेक्षा वर टिकला पाहिजे. घाई केली की दाब फ्रॅक्चरच्या वर जातो, खडक फाटतो आणि सिमेंट भलत्याच दिशेला निघून जातं. वर पाण्याला नवी वाट मिळते, ती वेगळी. शेवटी जास्तीचं सिमेंट उलट्या प्रवाहानं बाहेर काढायचं, दाब धरून २४ तास थांबायचं, ड्रिल करून तपासायचं. तपासणी दोन्ही बाजूंनी हवी: आतून दाब देऊन, आणि आतला दाब कमी करून. नुसत्या दाबाला टिकणारी वडी उलट्या दिशेनं सहज सुटते, आणि विहीर चालते ती उलट्याच दिशेनं.

मिक्सिंग टाकीच्या स्वच्छतेबद्दल एकच: थोड्या मिठानं सिमेंट लवकर धरतं, साखरेनं धरतच नाही. टाकीजवळ चहाची किटली नको.

जेल कधी वापरायचं आणि किती?

पाणी खडकाच्या आतून येत असेल तेव्हा. जेलचं द्रावण पाण्यासारखं आत शिरतं आणि तिथे जाऊन धरतं. सगळ्यात चालतं ते पॉलिॲक्रिलअमाइड आणि क्रोमियम ॲसिटेटचं. जास्त तापमानाला सेंद्रिय क्रॉसलिंकर (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन), उदाहरणार्थ पॉलिइथिलिनइमिन. ७५-८० अंशांच्या पुढे पॉलिमरचं जलविघटन वेगानं होतं, आणि पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर तो साक्यासारखा खाली बसतो.

किती लागेल ते त्रिज्येच्या वर्गानं वाढतं. ४ मीटर जाडीचा थर, सच्छिद्रता २० टक्के: ३ मीटर त्रिज्येला २२.६ घनमीटर, ५ मीटरला ६२.८. पॉलिमर ५,००० पीपीएम म्हणजे घनमीटरला ५ किलो, तेव्हा पहिल्या कामाला ११३ किलो पावडर. ती पाण्याच्या भोवऱ्यात चिमटी-चिमटीनं सोडायची. एकदम ओतली की बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, पिठल्यात होतात तशाच, आणि त्या पर्फोरेशनच्या तोंडाशी जाऊन बसतात. प्रत्येक घाण्याचा नमुना बाटलीत भरून तळाच्या तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवा. सिडान्स्क यांच्या ए ते जे श्रेणीत ए म्हणजे जेल झालंच नाही, जे म्हणजे टिचकी मारली तर घुमणारं कडक. बाटलीत न धरलेलं जेल खाली धरेल असं समजून पंप करू नका.

मोठी चूक इथे होते: तेलाचा थर उघडा ठेवून जेल सोडणं. "पाण्याचा थर दहापट झिरपतो, जेल तिकडेच जाईल" असं म्हणतात. त्रिज्येनं होणाऱ्या प्रवाहात अंतर पारगम्यतेच्या वर्गमुळानं ठरतं. पाण्याच्या थरात जेल ५ मीटर गेलं तर तेलाच्या थरात १.६ मीटर गेलंच. तेलाची विहीर बुजायला तेवढं पुरतं. म्हणून तेलाचा थर आधी पॅकरनं वेगळा करायचा. अपवाद भेगेचा: तिथे जेल भेगेतून लांब जातं आणि खडकात फारसं शिरत नाही, म्हणून भेगाळ चुनखडीत जेलचे निकाल चांगले येतात.

पाणी अडवणारं आणि तेलाला वाट देणारं रसायन खरंच असतं का?

पाण्याची वाट जास्त आणि तेलाची कमी अडवणारं असतं. तेलाची अजिबात न अडवणारं नसतं. थर एकमेकांपासून वेगळे असतील आणि एक थर निव्वळ पाणी देत असेल, तर वापरून बघायला हरकत नाही. एकाच थरातून तेल-पाणी मिसळून येत असेल तर पैसे वाचवा.

गॅस रोखणं पाण्यापेक्षा सोपं की अवघड?

अवघड. गॅस आणि तेलाच्या घनतेत फरक मोठा, म्हणून वरचा कोन उशिरा उतरायला हवा. पण गॅसचा चिकटपणा इतका कमी की एकदा वाट सापडली की तो तेलाला बोलूच देत नाही. शिवाय गॅस कॅप (तेलावरचा गॅसचा साठा) रिकामी झाली की साठ्याचा दाबच जातो. मुंबई हायसारख्या, १९७४ मध्ये सापडलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या शेतात मुख्य चुनखडी थराच्या डोक्यावर गॅस कॅप आहे. तिथे पर्फोरेशन किती खाली घ्यायचं, हा निर्णय खाली पाणी आणि वर गॅस यांच्या मधोमध घ्यावा लागतो.

गॅस-तेल गुणोत्तर वाढलं की आधी गॅस लिफ्टचा (तेल वर उचलायला विहिरीत सोडलेल्या गॅसचा) मीटर बघा. वरून सोडलेला गॅसच परत मोजला जातोय, किंवा वरचा व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिलाय, हे निघण्याची शक्यता बरीच असते. ते नसेल तर टेंपरेचर लॉग: गॅस प्रसरण पावताना थंड होतो, आत शिरतो तिथे आलेखाला खळगा पडतो.

केसिंगमागच्या गॅसची मुळं बहुधा पहिल्या सिमेंटिंगमध्येच असतात. स्लरी द्रव असताना तिचं वजन गॅसला अडवतं. ती घट्ट होऊ लागली की केसिंगला आणि खडकाला चिकटून स्वतःचं वजन स्वतःच पेलते, खालचा दाब उतरतो, आणि पुरती धरण्याआधीच्या त्या वेळात गॅस तिच्यातून बारीक वाट कोरतो. म्हणून जेल स्ट्रेंग्थ १०० ते ५०० पौंड प्रति १०० चौरस फूट हा टप्पा जितक्या लवकर पार होईल तितकं बरं.

पॅकरच्या रबराबद्दल: गॅस विहिरीत चांगले सील फोडासारखे का फुगतात?

दाबाखाली गॅस रबरात विरघळतो. दाब एकदम सोडला की तो आतल्या आत प्रसरण पावतो आणि रबर आतून चिरतं. उपाय दोन: दाब हळू उतरवणं, आणि दाब असा एकदम सुटला तरी टिकणारं, जास्त कडकपणाचं कंपाउंड. नायट्राइल साधारण १२० अंशांपर्यंत, हायड्रोजनेटेड नायट्राइल १५० च्या आसपास, एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) २०० पर्यंत. पण एफकेएम महाग म्हणजे चांगलंच, असं नाही. गंजरोधक औषधांत अमाइन असतं आणि ते एफकेएमला खातं. ऑर्डर घेताना तापमानाबरोबर विहिरीत कोणती रसायनं सोडणार हे विचारून घ्या.

आडव्या विहिरीत काय वेगळं?

टाचेजवळ, म्हणजे विहीर आडवी होते तिथे, ड्रॉडाउन जास्त; बोटाकडे, म्हणजे शेवटच्या टोकाला, कमी. म्हणून पाणी-गॅस टाचेपाशी आधी पोहोचतात. यावर विहीर बांधतानाच विचार करावा लागतो: स्क्रीनवर (वाळू अडवणाऱ्या जाळीच्या पाइपवर) इनफ्लो कंट्रोल डिव्हाइस, म्हणजे आत येणारा प्रवाह आवळणारी उपकरणं, आणि मधेमधे फुगणारे पॅकर. ऑटोनॉमस प्रकारात एक सुटी चकती असते. पातळ गॅस वेगानं आला की चकतीच्या वरचा दाब घसरतो, ती उचलली जाते आणि भोक स्वतःच अरुंद करते. जाड तेलाला ती फारसं अडवत नाही. नंतर दुरुस्ती करायची तर कॉइल्ड ट्यूबिंग (रिळावर गुंडाळलेला सलग पाइप) लागतं, आणि लॉगही जपून वाचावा लागतो: पाणी तळाशी आणि तेल वर असं वाहतं, मधला स्पिनर दोघांपैकी एकाचीच साक्ष देतो.

आपल्या सह्याद्रीच्या दगडात तेल असू शकतं का?

गुजरातेत आहे. वडोद्याजवळ पादरा इथे डेक्कन ट्रॅपच्या भेगाळ बेसॉल्टमधून तेल निघतं. तेल बेसॉल्टमध्ये तयार झालेलं नाही, शेजारच्या गाळाच्या खडकातून तिथे आलं. अशा दगडात जे काही वाहतं ते भेगांतून, आणि भेग पाण्याला लागली की तेलाचा टक्का झपाट्यानं कोसळतो.

शटऑफ झाल्यावर विहीर कशी उघडायची?

हळू. जेल असेल तर तळाच्या तापमानाला बाटलीत जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ बंद ठेवा. मग सगळ्यात लहान चोकवर सुरुवात, आणि चोक वाढवण्याआधी किमान दोन सारख्या चाचण्या. पहिल्या दिवसांत जेलचे तुकडे किंवा क्रोमियम नमुन्यात दिसतं. वाढत गेलं तर जेल परत येतंय, चोक मागे घ्या. कामाआधीच्याच दराला पाणी मोजून तुलना करा. चोक निम्मा करून "पाणी निम्मं झालं" असा अहवाल कोणीही लिहू शकतो.